शिकारी पक्ष्यांची शिरगणती

शेतकरी आपल्या गुरांची, धान्याच्या पोत्यांची आणि कर्जाच्या हप्त्यांची मोजदाद ठेवतो. परंतु त्याच्या शिवारावर दरवर्षी येणाऱ्या शिकारी पक्ष्यांची मोजदाद सहसा कोणी ठेवीत नाही. घार, ससाणा, गरुड या वर्गातील पक्ष्यांकडे कोंबडीची पिले पळविणारे चोर म्हणूनच पाहिले जाते. त्यांची गणती करणे हा रिकामपणाचा उद्योग होय, असे पुष्कळांना वाटेल. वस्तुतः ही गणती शेतीच्या हिताची आहे, असे अनुभवास आले आहे.

या बाबतीत अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथील हॉक माउंटन या डोंगरावरून शरद ऋतूत हजारो शिकारी पक्षी उत्तरेकडून दक्षिणेकडे जातात. डोंगराच्या लांबच लांब रांगेवर आदळून वारा वर चढतो आणि त्या वाऱ्यावर पंख पसरून हे पक्षी फारसे श्रम न घेता मैलोगणती पुढे सरकतात. पूर्वी या सोयीचा लाभ बंदूकवाले घेत. शिकारी पक्षी उपद्रवी समजले जात असल्यामुळे ते शेकड्यांनी मारले जात. रोझली एज या बाईंनी १९३४ साली हा डोंगर भाडेपट्ट्याने घेऊन तेथील शिकार थांबविली आणि मॉरिस ब्राउन यांची राखणदार म्हणून नेमणूक केली. ब्राउन यांनी त्याच वर्षी पक्षी मोजून टिपण्यास प्रारंभ केला. दुसऱ्या महायुद्धातील खंड सोडल्यास ती गणती आजतागायत चालू आहे.

या टिपणांचा उपयोग काय, हे पुढे कळले. १९३५ ते १९३९ या काळात तेथे दिसलेल्या गरुडांपैकी सुमारे ४० टक्के पक्षी त्या वर्षीच जन्मलेले होते. १९५५ ते १९५९ या काळात कोवळ्या पक्ष्यांचे प्रमाण २० टक्क्यांवर आले आणि १९५७ साली तर ३२ प्रौढ गरुडांमागे एकच पिल्लू दिसले. आकाशात गरुड दिसत होते, परंतु त्यांची नवी पिढी वाढत नव्हती. रेचल कार्सन यांनी १९६२ साली ‘सायलेंट स्प्रिंग’ या ग्रंथात हे आकडे मांडले. शेतात व जंगलात फवारलेले डीडीटी किड्यांतून व माशांतून या पक्ष्यांच्या शरीरात साठत होते. त्यामुळे अंड्यांचे कवच पातळ होऊन ती उबविताना फुटतात, असे पुढील संशोधनात आढळले. अमेरिकेने १९७२ साली डीडीटीच्या वापरावर बंदी घातली. भारतात शेतीसाठी त्याचा वापर १९८९ साली बंद झाला. विषाची खूण प्रयोगशाळेबाहेर, डोंगरावर बसून पक्षी मोजणाऱ्याच्या वहीत उमटली होती.

आपल्या देशातील गिधाडांची कथा याहून दुःखद आहे. गिधाडे फारशी स्थलांतर करीत नाहीत, परंतु गणतीचे मोल त्यांच्या कथेतूनही कळते. १९९०च्या सुमारास देशात रस्त्यालगत शिकारी पक्ष्यांची मोजणी झाली होती. ती २००० साली पुन्हा केल्यावर गिधाडे झपाट्याने नाहीशी होत असल्याचे आकड्यांनिशी स्पष्ट झाले. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध त्यास कारण असल्याचे २००४ साली उघड झाले आणि २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. तोपर्यंत बहुतेक गिधाडे संपली होती आणि मेलेली जनावरे उघड्यावर कुजू लागली होती. दहा वर्षांच्या अंतराने केलेल्या दोन मोजण्यांऐवजी प्रतिवर्षी गणती झाली असती, तर इशारा पुष्कळ आधी मिळाला असता.

महाराष्ट्राच्या माळरानांवरही पावसाळा सरता सरता पाहुणे येतात. भोवत्या जातीचे शिकारी पक्षी मध्य आशियातील गवताळ प्रदेशांतून येऊन हिवाळाभर येथे राहतात. पिकांवरून व गवतावरून अगदी खालून तरंगत ते नाकतोडे, उंदीर व सरडे टिपतात. दिवसभर विखुरलेले हे पक्षी सायंकाळी उंच गवतात एकत्र येऊन जमिनीवरच रात्र काढतात. त्यामुळे त्यांची गणती सुलभ होते. त्यास डोंगर लागत नाही की महागडे साहित्य लागत नाही. दुर्बीण असल्यास उत्तमच.

मात्र एका दिवसाची मोजणी फारशी उपयोगाची नाही. जागा तीच असावी, वेळ सूर्यास्ताच्या आधीपासून अंधार पडेपर्यंत असावी आणि गणतीचा काळ प्रतिवर्षी तोच असावा. तारीख, वारा, ढग आणि पक्ष्यांची संख्या वहीत लिहावी. पक्षी न दिसल्यास शून्य लिहावे. ते शून्यही मोलाचे असते. पक्षी उठतील इतके गवताजवळ जाऊ नये. गावच्या शाळेतील शिक्षकांनी मुलांना बरोबर घेऊन हे काम अंगावर घेतल्यास त्यात सातत्य राहील.

संख्या घटली म्हणजे दोष फवारणीचाच, असे समजणे उतावीळपणाचे ठरेल. गवत जाळणे, माळ नांगरणे, दूरदेशीचे दुष्काळ अशी कारणेही असू शकतात. परंतु शोध कोठे घ्यावयाचा, हे गणतीच सांगते. ज्या शिवारात नाकतोडे खाणारा पक्षी टिकत नाही, तेथे माणसाच्या ताटात काय येत आहे, हा प्रश्न शेतकऱ्याने वेळीच विचारला पाहिजे. त्यासाठी शरद ऋतूतील काही सायंकाळी आणि एक वही एवढाच खर्च आहे.