देणगी जरूर द्या, पण पगाराला नावे ठेवू नका

मार्चअखेर जवळ आली की करसवलतीच्या पावतीसाठी घरोघर देणगीचा विषय निघतो. कोणाला द्यायची हे ठरवताना बहुतेक देणगीदार संस्थेला पहिला प्रश्न विचारतात तो असा: तुमचा व्यवस्थापन खर्च किती टक्के? उत्तर जितके लहान, तितकी संस्था सचोटीची, असे धरून चालण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. हा प्रश्न पहिला विचारण्याच्या लायकीचा नाही आणि त्याच्या दडपणाखाली चांगल्या स्थानिक संस्था खंगत आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या कामाने कोणाचे काय बदलले, आणि ते बदलले हे तुम्हाला कशावरून कळले, हे आधी विचारायला हवे.

गडचिरोलीचे उदाहरण पाहा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९०च्या दशकात ३९ गावांत नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण दिले. त्या बाळंतिणीच्या घरी जात, बाळाचे वजन करत, त्याला उबदार ठेवायला शिकवत आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर इंजेक्शनही देत. सुरुवातीला तिथे हजार जन्मांमागे सुमारे ६२ बाळे पहिल्या महिन्यात दगावत होती. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी हे प्रमाण सुमारे २५ वर आले. तुलनेसाठी घेतलेल्या शेजारच्या ४७ गावांत ते साठच्या आसपासच राहिले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले आणि पुढे देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांच्या गृहभेटींना त्याच अनुभवाचा आधार मिळाला. आता या कामाचा जमाखर्च डोळ्यांसमोर आणा. त्यात इमारत नाही, महागडे यंत्र नाही. आहे ते गावातल्या बाईचे मानधन, तिला शिकवणाऱ्याचा आणि तिच्या कामावर देखरेख करणाऱ्याचा पगार, आणि प्रत्येक जन्म व प्रत्येक मृत्यू नोंदवून तो पुन्हा पडताळण्याचा खर्च. टक्केवारी पाहणारा देणगीदार नेमक्या याच खर्चावर लाल रेघ मारतो. ती नोंद झाली नसती तर बाळे वाचली हे कोणालाच ठामपणे सांगता आले नसते, आणि ही पद्धत गडचिरोलीबाहेर पडली नसती.

माणसांच्या पगारावरचा खर्च म्हणजेच काम असू शकते, ही गोष्ट कायद्यालाही अंशतः मान्य करावी लागली आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्याने २०२० मध्ये प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. ती फार कडक आहे असे माझे मत आहे. पण त्याच कायद्याच्या नियमांत रुग्णालयातल्या डॉक्टरांचा आणि शाळेतल्या शिक्षकांचा पगार प्रशासकीय खर्चात धरलेला नाही, कारण तो पगार म्हणजेच ते काम. कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात (सीएसआर) पाच टक्क्यांची जी मर्यादा आहे ती कंपनीने स्वतःच्या सीएसआर व्यवस्थेवर करायच्या खर्चाला आहे, प्रत्यक्ष काम करणाऱ्या संस्थेला नाही. तरीही ती संस्थांच्या गळ्यात अडकवली जाते. मग एटापल्ली किंवा धडगावसारख्या दुर्गम भागात काम करणारी संस्था काय करते? हिशेबनीस ठेवत नाही, कार्यकर्त्याला तुटपुंज्या मानधनावर राबवते, आणि तो दोन वर्षांत सोडून गेला की त्याने जोडलेली माणसे आणि मिळवलेली माहिती त्याच्याबरोबर जाते.

यावर पहिला आक्षेप येतो तो सेवाभावाचा: समाजसेवा करायची तर पगार कशाला? महाराष्ट्राने त्यागी माणसे पाहिली आहेत आणि त्यांच्याबद्दलचा आदर योग्यच आहे. पण दहा-वीस असामान्य माणसांच्या त्यागावर जिल्ह्याजिल्ह्याचे आरोग्य आणि शिक्षण उभे राहत नाही. कार्यकर्त्यालाही मुलांची फी भरायची असते, गाडीत पेट्रोल घालायचे असते. पोटाला चिमटा घेऊन काम करण्याची अट आपण घातली, तर ज्यांच्या घरी दुसरे उत्पन्न आहे तेच या क्षेत्रात टिकतील आणि वस्तीतली, पाड्यावरची हुशार मुलेमुली बाहेर राहतील.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: देणगीच्या नावाखाली फसवणूक होते, निदान टक्केवारीने तिला आळा बसतो. बसत नाही. ज्याला फसवायचेच आहे त्याला पगाराची रक्कम 'कार्यक्रम खर्चा'त दाखवायला किती वेळ लागतो? आळा बसतो तो प्रत्यक्ष तपासणीने. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, लेखापरीक्षित हिशेब वेळेवर सादर होतात का, सगळे विश्वस्त एकाच घरातले तर नाहीत ना, हे पाहता येते. शक्य असेल तर गावात जाऊन लोकांना विचारावे. ज्यांच्यासाठी काम चालते त्यांना संस्थेतल्या माणसांची नावे ठाऊक नसतील, तर अहवाल कितीही गुळगुळीत कागदावर छापलेला असो, देणगी देऊ नये.

तिसरा आक्षेप असा की लहान संस्थेने 'लॅन्सेट'च्या तोडीचा पुरावा आणायचा कुठून? तसा कोणी मागतही नाही. वर्षाच्या सुरुवातीला किती मुलांना वाचता येत होते आणि शेवटी किती जणांना, एवढी नीट ठेवलेली वही पुरते. आणखी एक प्रश्न जरूर विचारा: गेल्या वर्षी काय फसले, आणि मग तुम्ही काय बदलले? ज्या संस्थेकडे याचे उत्तर आहे, ती आपल्या कामाकडे लक्ष देते आहे.

यंदा आपल्याच जिल्ह्यातली अशी एक संस्था शोधा. देणगीबरोबर वह्या, ब्लँकेट आणि फोटोची अट घालू नका. रक्कम तीन वर्षांसाठी कबूल करा, आणि चिठ्ठीत स्पष्ट लिहा की हे पैसे कार्यकर्त्यांच्या पगारासाठी वापरले तरी चालतील.