करणी कोणाची?

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की शिवाजी पेठेत ‘जादू’ हा शब्द दिवसातून दहा वेळा कानी पडतो. खंडोबा तालीम असो वा शिवाजी तरुण मंडळ, आपल्या खेळाडूच्या पायांत जादू आहे याविषयी त्या त्या गोटात दुमत नसते. बाबूराव पेंटरांनी स्वदेशी कॅमेरा घडविला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला, ती तर किमयाच. जादू हा शब्द फारसीतून आला. किमया आणि करामत मूळच्या अरबी. किमया म्हणजे हलक्या धातूचे सोने करण्याची विद्या, करामत म्हणजे अवलियाचा चमत्कार. मराठीने या परक्या शब्दांतील अद्भुत बरेचसे झटकले व त्यांना माणसाच्या कसबाच्या पंक्तीस बसविले.

‘करणी’ या घरच्या शब्दाचे मात्र उलटे झाले. ‘जशी करणी तशी भरणी’ या म्हणीत तो माणसाच्या कृतीचा व जबाबदारीचा वाचक आहे. परंतु ‘करणी केली’ असे म्हटले की कर्ता बदलतो. नुकसान आपले आणि करणी शेजाऱ्याची! अमावास्येनंतर तिकटीवर दिसणाऱ्या टाचण्या टोचलेल्या लिंबाला वळसा घालणाऱ्यांत पदवीधरही असतात.

दुकान बसले तर उधारीची वही, भाडे आणि व्याज तपासावे; म्हैस आटली तर वैरण पाहावी, जनावरांच्या डॉक्टरला बोलवावे. ते टाळून करणीचे निदान केले की मांत्रिकाची दक्षिणा जाते ती जातेच, पण मूळ कारण जागच्या जागी राहून तोटा वाढवीत बसते. शिवाय आळ येतो तो बहुधा एखाद्या एकाकी विधवेवर, नाहीतर भाऊबंदकीतल्या दुबळ्या पक्षावर. सबळाने करणी केली असे कोणी सहसा म्हणत नाही!

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे आग्रह धरला, त्याचा वटहुकूम २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाल्यानंतर अवघ्या काही दिवसांत निघाला. त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने कायदा संमत केला. अमुक व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने जनावराचे दूध आटविते, असे जाहीर करून तिचे जगणे कठीण करणे हा त्यान्वये दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड सांगितला आहे. दक्षता अधिकारी नेमण्याचीही तरतूद आहे.

तथापि फिर्याद कोणीतरी लिहावी लागते. जिच्यावर आळ आला, तिला बहुधा ना लिहिता येते, ना ठाण्याची पायरी चढण्याचे धैर्य असते. त्याच आळीत राहणारा शिक्षक किंवा कारकून मात्र दोन्ही करू शकतो, आणि ‘आपण कशाला मध्ये पडा’ म्हणून दार लावून घेतो, तेव्हा ती करणी निःसंशय त्याचीच असते.