आरोग्यचिंतन : दोष केवळ शाकाहाराचा?

रक्ततपासणीत हिमोग्लोबिन आणि बी-१२ कमी आढळले की आपल्या घरांत कारण ठरलेले असते : शाकाहार. दूध-दही बेताचे घेणाऱ्यांच्या बाबतीत ते पुष्कळदा खरेही असते. परंतु ज्यांचे पोट वर्षानुवर्षे बिघडलेले आहे, त्यांनी एवढ्यावर समाधान मानू नये. माल दाराशी येऊनही वखारीत पोहोचत नसेल, तर वाटेतला हिशेब तपासावा लागतो, हे व्यापारी घरांना निराळे सांगावयास नको. लोह मुख्यतः लहान आतड्याच्या आरंभी शोषले जाते, बी-१२ त्याच्या शेवटी. लोहाअभावी रक्तपेशी लहान होतात, बी-१२अभावी मोठ्या. दोन्ही उणे असतील तर सरासरी आकार, म्हणजे एमसीव्ही, फसवा नॉर्मल दिसू शकतो. अशा वेळी अहवालातील आरडीडब्ल्यू पाहावा. तो बहुधा वाढलेला असतो. आम्लपित्ताच्या काही गोळ्या व मधुमेहातील मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यानेही बी-१२ घटू शकते, म्हणून चालू औषधे डॉक्टरांना आवर्जून दाखवावीत. गव्हातील ग्लुटेनमुळे आतड्यास इजा करणाऱ्या सिलिअ‍ॅक रोगाविषयीही विचारावे. मात्र त्याच्या टीटीजी चाचणीपूर्वी आपल्या मनाने पोळी बंद करू नये. रोग असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो.