कालप्रवास आणि समीक्षेची गल्लत

कालप्रवासावर आधारलेल्या कथा-कादंबऱ्यांविषयी लिहिताना आपली समीक्षा बहुधा एकच प्रश्न विचारते : असा प्रवास शक्य आहे काय? उत्तर नकारार्थी आले, की ती कलाकृती रंजनाच्या कप्प्यात जाते; 'कदाचित' असे आले, तर विज्ञानकथा म्हणून तिला सौम्य शाबासकी मिळते. हा प्रश्नच मुळात गैरलागू आहे. भौतिकशास्त्रीय संभाव्यता हा वाङ्मयीन निकष नव्हे.

एच. जी. वेल्सची 'द टाइम मशीन' (१८९५) पाहावी. काळ हे चौथे परिमाण असल्याचा युक्तिवाद आणि निकेल, हस्तिदंत, स्फटिक यांचे काही भाग, यापलीकडे वेल्स यंत्राविषयी फारसे सांगत नाही. परंतु ८०२७०१ या वर्षी इलॉय आणि मॉरलॉक भेटतात, तेव्हा व्हिक्टोरियन इंग्लंडमधील वर्गभेदच दोन मानवजातींचे रूप घेऊन समोर येतो. प्रवास भविष्याचा असला तरी झाडाझडती वर्तमानाचीच होते.

ऑक्टेव्हिया बटलर यांच्या 'किंड्रेड' (१९७९) या कादंबरीत तर यंत्रच नाही. १९७६ सालच्या कॅलिफोर्नियातील कृष्णवर्णीय लेखिका डेना गुलामगिरीच्या काळातील मेरीलँडमध्ये पुन:पुन्हा खेचली जाते. गोरा रूफस हा तिचा पूर्वज. तो जगला नाही, तर तिचा वंशच संभवत नाही. म्हणून ती त्याला वाचवत राहते आणि तो ॲलिसवर जी बळजबरी करतो, तिच्यात नकळत भागीदार ठरते. अन्यत्र जे तार्किक कोडे असते, ते येथे नैतिक पेच बनते. अखेरीस डेना परतते ती डावा हात गमावून.

यावर आक्षेप येईल : मग लेखकाने वाटेल ते लिहावे काय? मुळीच नाही. रूफसचा जीव धोक्यात आला की डेना जाते. स्वत:च्या मृत्यूचे भय वाटले की परतते. कारण अज्ञात असले तरी नियम काटेकोर आहे. कलाकृतीकडून मागायची ती ही अंतर्गत सुसंगती.

जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा काटेकोरपणे कालप्रवासाची नव्हे, पर्यायी इतिहासाची. तिच्याविषयी बोलतानाही आपण शेवटच्या शास्त्रीय स्पष्टीकरणापाशी अडकतो. वस्तुत: १७६१चा पराभव ज्या समाजाच्या मनात अजून सलतो, त्याच्यापुढे ही कथा एक अवघड चित्र ठेवते : पानिपत जिंकलेल्या त्या दुसऱ्या जगात या इतिहासकाराला सभेत बोलूही दिले जात नाही. आपल्या हुरहुरीवर याहून मार्मिक भाष्य कोणते?

तेव्हा, यंत्र कसे चालते हे शास्त्रज्ञांनी ठरवावे. प्रवाशाला काय मोजावे लागले आणि परतल्यावर त्याचा वर्तमान पूर्वीसारखा राहिला काय, हे विचारणे समीक्षकाचे काम आहे. ते टाळणारी समीक्षा वेल्स आणि बटलर यांना एखाद्या सवंग साहसकथेच्या पंक्तीला बसवील, आणि तो दोष साहित्यप्रकाराचा नसेल.