बालचित्रवाणीच्या फिती मुलांपर्यंत पोहोचवा

पंचवटी असो की सिडको, नाशिकमध्ये चाळिशी-पन्नाशीतली चार माणसं जमली आणि टीव्हीचा विषय निघाला, की ‘किलबिल’ आणि ‘गोट्या’ ही नावं येतातच. मग गच्चीवरचा अँटेना फिरवणं निघतं, ज्याच्या घरी टीव्ही त्याच्याकडे जमणारी अख्खी गल्ली निघते. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या राजदत्तांनी छोट्या पडद्यावर आणला आणि पुस्तक हाती न आलेल्या मुलांचाही तो सवंगडी झाला.

हा सगळा जिव्हाळा खरा आहे. पण तो नुसता हरवलेल्या बालपणाचा नाही. मुलांसाठी पैसा, जाणती माणसं आणि प्रक्षेपणाची वेळ तेव्हा राखून ठेवलेली होती, म्हणून ते कार्यक्रम उभे राहिले.

विजया मुळे यांचंच काम घ्या. 1974चा त्यांचा ‘एक अनेक और एकता’ हा चित्रपट जेमतेम सात मिनिटांचा. भीमसेन यांच्या ॲनिमेशनमधून पारध्याचं जाळं घेऊन उडणारे पक्षी मुलांनी पाहिले, गाणं पाठ झालं आणि उपदेश न ऐकताच आशय मनात उतरला. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो तयार केला होता सरकारच्या फिल्म्स डिव्हिजननं.

महाराष्ट्रात हेच काम बालचित्रवाणीनं केलं. इन्सॅट-1बी उपग्रह 1983 मध्ये आकाशात गेला आणि पुढच्याच वर्षी पुण्यात ही संस्था सुरू झाली. गोष्टी, विज्ञानाचे प्रयोग, गाणी, भूगोल असं सगळं मराठीतून दूरदर्शनवर येऊ लागलं. खेड्यातल्या एकशिक्षकी शाळेला त्यातून जणू आणखी एक गुरुजी मिळाले. पुढे अनुदान आटलं, कर्मचाऱ्यांचे पगार रखडले आणि 2017 मध्ये राज्य सरकारनं संस्था बंद केली. तो निर्णय चुकीचाच होता.

चूक कळायला तीन वर्षंही लागली नाहीत. 2020 मध्ये शाळांना कुलपं लागली. सुरगाणा, पेठच्या पाड्यांवर मोबाइलची रेंज नव्हती आणि अनेक घरांत स्मार्टफोनही नव्हता. तेव्हा जुलैत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनच्या या मालिकेत पहिली ते आठवीचे धडे मुलांच्या घरातल्या, परिसरातल्या गोष्टींतून उलगडत. इंटरनेटची गरजच नव्हती.

आता यूट्यूबवर सगळं मिळतं, असं सांगितलं जातं. मिळतं खरं, पण एका व्हिडिओनंतर मुलासमोर काय येईल, याची जबाबदारी तिथे कोणाचीच नसते. त्यात मराठी किती आणि चांगलं मराठी किती, हे आई-बापांनी एकदा शेजारी बसून पाहावं.

नाशिकला या बाबतीत पुढाकार घेता येईल. 1989 मध्ये स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ गंगापूर धरणाजवळ आहे आणि दूरशिक्षणासाठी दृक्-श्राव्य साहित्य तयार करण्याचा अनुभव त्याच्या गाठीशी आहे. सार्वजनिक वाचनालय तर 1840 पासून वाचकांना जोडत आलं आहे. राज्य सरकारनं बालचित्रवाणीचा संपूर्ण संग्रह विषयवार लावून सर्वांना मोफत खुला करावा, नव्या कार्यक्रमांसाठी मुक्त विद्यापीठाला दरवर्षी ठरलेला निधी द्यावा आणि सह्याद्रीवर मुलांसाठी संध्याकाळचा रोजचा अर्धा तास राखून ठेवावा. ‘गोट्या’च्या आठवणीनं हळवं होणाऱ्या प्रत्येक नाशिककरानं आपल्या आमदाराकडे एवढी मागणी करावी.