एक मिलिसेकंद चुकला तर?

परळीच्या औष्णिक केंद्रातील वीज देशाच्या ग्रीडमध्ये मिसळते. ग्रीडची वारंवारता ५० हर्ट्झ. म्हणजे विजेची एक लहर २० मिलिसेकंदांत पूर्ण होते. दोन ठिकाणच्या लहरींची तुलना करताना घड्याळांत एका मिलिसेकंदाचा फरक असला, तरी कोन १८ अंशांनी चुकतो.

अशा मोजमापाच्या प्रयोगांसाठी रास्पबेरी पायसारखे छोटे संगणक स्वस्त पडतात. पण इंटरनेटवरून वेळ जुळवणारी नेहमीची एनटीपी पद्धत मिलिसेकंदांतच अडकते. संदेश कधी आला, याची नोंद तिथे सॉफ्टवेअर करते. प्रोसेसर दुसऱ्या कामात असला की नोंद लांबते. पीटीपी पद्धतीत हीच नोंद थेट नेटवर्कचे हार्डवेअर करू शकते. मग स्थानिक नेटवर्कवर फरक एका मायक्रोसेकंदाच्या आत आणता येतो आणि कोनातली चूक ०.०१८ अंशावर येते.

ही सोय प्रत्येक बोर्डात नसते. पाय ४ मध्ये ती नाही. कम्प्युट मॉड्यूल ४ आणि पाय ५ मध्ये आहे. लिनक्सवर ‘एथटूल’ने ती तपासता येते, ‘पीटीपी४एल’ने घड्याळ जुळवता येते.

बीड जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी बोर्ड घेताना किंमत आणि मेमरीबरोबर हेही पाहावे. घड्याळच चुकले, तर बारीक मोजमापाला अर्थ उरत नाही.