बाळशापासून शस्त्रक्रियेपर्यंत

मराठी माणसाला लहान मुलाच्या जाडीचे मोठे कौतुक. त्यासाठी त्याने ‘बाळसे’ हा एक खास शब्दच राखून ठेवला आहे. मूल कसे गुटगुटीत हवे, मांड्यांना वळ्या हव्यात, आणि त्या नसल्या तर शेजारच्या आजीबाई आईला विचारणारच, “अगं, अंगावरचं पुरत नाही का याला?” गुटगुटीत बालकांच्या स्पर्धा आपण भरविल्या आणि बक्षिसेही वाटली. पण ह्या कौतुकाला वयाची अट आहे. तेच मूल आठ-नऊ वर्षांचे झाले, की वर्गात त्याचे नाव ‘ढोल्या’ पडते, आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी दवाखान्याच्या कागदावर तो ‘पेशंट’ होतो.

ह्या पेशंटापुढे आता एक नवा प्रश्न उभा आहे. अतिलठ्ठ मुलांचे वजन उतरविण्यासाठी त्यांच्या जठरावर शस्त्रक्रिया करावी काय? मोठ्या माणसांच्या बाबतीत ह्याची चर्चा जुनी झाली. मुलांचे नाव निघाले की मात्र चांगले शहाणे लोकही दोन तट करून बसतात. एक म्हणतो, “शिव शिव! कोवळ्या पोराच्या पोटावर सुरी?” दुसरा म्हणतो, “एकदाचे करून टाका आणि मोकळे व्हा.” दोघांनाही थोडे थांबवावेसे वाटते.

प्रथम ही शस्त्रक्रिया म्हणजे काय ते पाहू. चरबी नळीने ओढून काढण्याचा जो प्रकार आहे, तो हा नव्हे. हिचे मुख्य प्रकार दोन. एकात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढून टाकतात आणि केळ्यासारखी एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात. दुसऱ्यात जठराच्या वरच्या टोकाची लहानशी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. पोटात जागा कमी होते हे तर खरेच. पण भुकेचे आणि तृप्तीचे निरोप मेंदूला पोहोचविणारी संप्रेरकेही बदलतात, म्हणून थोडक्यात भूक भागते. पहिल्या प्रकारात काढून टाकलेला भाग पुन्हा कधी मिळत नाही, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे.

आता पहिल्या तटाचे म्हणणे. त्यांचा खरा आक्षेप सुरीला नसतोच; तो मुलाला असतो. “जिभेला आवर घालता येत नाही, म्हणून डॉक्टरकडे जायचे?” खादाडपणा हा अवगुण आणि लठ्ठपणा ही त्याची शिक्षा, असा हिशेब आपण मनाशी केव्हाच मांडून ठेवला आहे. ह्या हिशेबाला धक्का देणारी एक हकीकत सांगतो. १९९७ साली इंग्लंडमधील केंब्रिजच्या संशोधकांनी दोन चुलत भावंडांची तपासणी प्रसिद्ध केली. मुले विलक्षण लठ्ठ होती आणि त्यांची भूक काही केल्या भागत नसे. त्यांच्या शरीरात लेप्टिन नावाचे संप्रेरक जवळजवळ तयारच होत नव्हते, असे आढळले. ‘आता पुरे’ हा निरोप शरीरातील चरबी ह्या लेप्टिनमार्फत मेंदूला देत असते. तो निरोपच पोहोचत नसेल, तर त्या पोरांनी आवर घालायचा तो कशाला? त्यांपैकी नऊ वर्षांच्या मुलीचे वजन ९४ किलो झाले होते. तिला लेप्टिनची रोज इंजेक्शने सुरू केल्यावर तिची भूक ताळ्यावर आली आणि वजन उतरू लागले. १९९९ साली हे प्रसिद्ध झाले.

असा दोष अत्यंत दुर्मिळ आहे. प्रत्येक जाड मुलात तो असतो असे मुळीच नाही. पण भूक ही केवळ इच्छाशक्तीची बाब नाही, एवढे त्यावरून कळायला हरकत नाही. तेव्हा ‘पोराला अद्दल घडू द्या’ एवढ्याच कारणासाठी शस्त्रक्रियेला नाही म्हणणे, हा न्याय नव्हे.

मग होय म्हणावे काय? अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने, अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सने, जानेवारी २०२३ मध्ये आपली मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. १३ वर्षांपुढील अतिलठ्ठ मुलांना शस्त्रक्रियेच्या विचारासाठी तज्ज्ञांकडे पाठवावे, असे तीत सांगितले आहे. अतिलठ्ठ कोणाला म्हणायचे? किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले, की जो आकडा येतो तो साधारणपणे ३५ च्या वर असून जोडीला मधुमेहासारखा आजार असेल, किंवा आजार नसतानाही ४० च्या वर असेल, तर. दीड मीटर उंचीच्या मुलीच्या बाबतीत हे वजन अनुक्रमे ७९ आणि ९० किलो होते. म्हणजे शाळेच्या गणवेशाची बटणे लागत नाहीत, अशा मुलांचा हा विषय नाही. रात्री झोपेत ज्यांचा श्वास अडकतो, ज्यांचे यकृत चरबीने भरले आहे, अशा मुलांचा तो आहे.

ह्या सल्ल्यामागे अनुभव आहे. अमेरिकेत २००६ पासून अशी शस्त्रक्रिया झालेल्या तरुण मुलामुलींच्या प्रकृतीची वर्षानुवर्षे नोंद ठेवली गेली. तीन वर्षांनंतर त्यांचे वजन सरासरीने २७ टक्के उतरलेले दिसले. २०१९ साली, जठर आतड्याला जोडण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांनी मुलांची प्रकृती कशी आणि प्रौढांची कशी, ह्याची तुलना प्रसिद्ध झाली. वजन दोघांचे सारखेच उतरले होते. परंतु ज्यांना आधी मधुमेह होता, त्यांच्यापैकी ८६ टक्के मुलांचा मधुमेह मागे हटला होता. प्रौढांत हे प्रमाण ५३ टक्केच होते. ‘मोठा झाल्यावर पाहू’ म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे जरा शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. थांबण्यालाही किंमत पडते, आणि ती मूलच भरते.

परंतु खतावणीला दुसरी बाजूही असते. तीन वर्षांनी ह्याच मुलांपैकी ५७ टक्क्यांच्या शरीरातला लोहाचा साठा कमी झालेला होता, आणि १३ टक्क्यांच्या पोटावर पुन्हा काही ना काही करावे लागले होते. २०२४ साली दहा वर्षांचा हिशेब आला, तेव्हा मधुमेह दूर राहिलेल्यांचे प्रमाण ५५ टक्क्यांवर आले होते. लाभ टिकला, पण सारा नाही. आणि जीवनसत्त्वे, लोह, चुना ह्यांच्या गोळ्या व रक्ताच्या तपासण्या जन्मभराच्या. आपल्याकडे २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आढळले. अशा देशात मुलीचे जठर कापताना लोहाची गोष्ट तळटीप म्हणून सांगून भागणार नाही. सोळाव्या वर्षी घेतलेल्या गोळ्या ती तिसाव्या वर्षी, सासरी, बाळंतपणात घेत राहील काय, हा प्रश्न आजच विचारला पाहिजे.

म्हणून दुसऱ्या तटालाही थांबवायचे. ‘एकदाचे करून मोकळे’ असे ह्यात काहीच नाही. आणि लहानग्यांच्या बाबतीत तर मुळीच घाई नको. सौदी अरेबियात अडीच वर्षांच्या मुलाचे जठर कापल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा जगभर खळबळ उडाली. अडीच वर्षांचे मूल ‘होय’ म्हणत नाही आणि ‘नाही’ही म्हणत नाही, ते रडते, एवढेच. इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शनाने २०१४ साली, शरीराची वाढ पुरी झालेल्या किंवा पुरी होत आलेल्या मुलांसाठी, तेही अपवाद म्हणूनच, हा मार्ग मोकळा ठेवला होता. मला ही वाढीची अट मोलाची वाटते. वाढ होत आली म्हणजे हाडे तर वाढलेली असतातच, पण स्वतःच्या शरीराविषयी बोलण्याइतकी समजही आलेली असते.

शिवाय मधली एक पायरीही आता झाली आहे. सेमाग्लुटाइड नावाच्या औषधाचे आठवड्याला एक इंजेक्शन १२ वर्षांपुढील लठ्ठ मुलांना देण्यास अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली. ते महाग आहे, आणि बंद केले की वजन पुन्हा वाढू लागते. तरीपण औषध सोसले नाही तर थांबविता येते. कापलेले जठर परत मागता येत नाही. आधी आहार-व्यायामाची नीट, महिनोन्महिने चाललेली मदत. मग गरज असल्यास औषध. आणि त्यानेही भागले नाही, मूल जाणते असले, आजार दारात उभा असला, तर शस्त्रक्रिया. हा क्रम उलटा करू नये, आणि शेवटच्या पायरीवर मूल येऊन पोहोचले असेल तर तिथे त्याला लाजेखातर अडवूही नये.

पण रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी जी म्हण आहे, ती इथे आठवल्यावाचून राहत नाही. पाच वर्षांखालील जाड मुलांचे प्रमाण आपल्या देशात २०१५–१६ च्या पाहणीत २.१ टक्के होते, ते २०१९–२१ च्या पाहणीत ३.४ टक्के झाले. आणि त्याच पाहणीत ३५.५ टक्के मुले खुरटलेली आढळली. एकाच गल्लीत एक मूल वाढत नाही आणि दुसरे वाढायचे थांबत नाही. शाळेच्या आवारात व आवारापासून ५० मीटरांच्या आत मीठ, साखर, चरबी ह्यांनी भरलेले पदार्थ मुलांना विकू नयेत, असा नियम २०२० साली झाला आहे. वाचकांनी आपल्या शाळेच्या फाटकापासून ५० मीटर पावलांनी मोजून पाहावेत. खेळाचा तास गणिताला दिला जातो, संध्याकाळ शिकवणीला जाते, मैदानावर इमारत उभी राहते. आणि मग आपण त्या मुलाला एकट्याला टेबलावर झोपवितो. शस्त्रक्रिया त्या मुलाला वाचवील; पुढच्या मुलाला नाही.

राहता राहिला निर्णय कोणी घ्यायचा हा प्रश्न. सही आईबापांची असते, हे कायद्याला धरून झाले. परंतु थकलेले आईबाप, उत्साही डॉक्टर आणि नाव ठेवणारे नातेवाईक ह्यांच्यामध्ये मुलाचे म्हणणे कुठेतरी हरवते. त्याला एकट्याला बसवून विचारावे: तुला हे हवे आहे का? कशासाठी हवे आहे? ‘मला धाप लागते’ असे ते म्हणाले, तर ऐकावे. ‘वर्गात हसतात’ एवढेच म्हणाले, तर शस्त्र वर्गावर चालवायची गरज आहे, मुलावर नाही.

दिवाळीचे दिवस आहेत. घरोघरी फराळाची ताटे फिरतील, आणि कुठल्यातरी घरी चार पाहुण्यांदेखत एखादी मावशी म्हणेल, “त्याला नको गं लाडू, आधीच काय कमी आहे!” सगळे हसतील, ते पोरही हसेल, आणि लाडू मग स्वयंपाकघरात चोरून खाईल. लाडू द्यायचा तर द्यावा, नसेल द्यायचा तर घरात कोणालाच दुसरा देऊ नये. पण ते वाक्य तेवढे ह्या वर्षी गिळून टाकावे. त्याला कोणतीच शस्त्रक्रिया लागत नाही.